भाचा म्यावाडीत, एजंट दुबईत. फिर्याद मात्र तालुक्यातच

तापीकाठच्या एका गावातून मामांनी लिहिलंय. हकिकत थोडक्यात अशी: भाचा बीसीए झालेला. सुरतेला उधन्यात राहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने बँकॉकला 'डेटा एन्ट्री'ची नोकरी लावून देतो म्हणून दीड लाख घेतले. काही यूपीआयने, बाकी रोख, घरच्या ओट्यावर बसून. पोरगा मुंबईहून टुरिस्ट म्हणून गेला. बँकॉकला उतरल्यावर गाडीत घालून रात्रभर नेलं, नदी ओलांडायला लावली आणि आता तो म्यानमारमधल्या म्यावाडीत एका कंपाउंडमध्ये आहे. मुलीच्या नावाचं प्रोफाइल चालवून परदेशातल्या लोकांना खोट्या गुंतवणुकीत ओढायचं, हे काम. सोडायचे पाच हजार डॉलर मागतात. एजंट मधल्या काळात दुबईला निघून गेला. ठाण्यात गेले तर "हे परदेशातलं प्रकरण, आमच्या हद्दीत येत नाही, इंटरपोलला कळवा" असं सांगितलं. मामांचे प्रश्न तीन: इंटरपोलकडे तक्रार कशी करायची, एजंटला दुबईतून आणता येईल का, आणि पैसे परत मिळतील का. खाली अहिराणीत एक ओळ: "साहेब, आते काय करानं?"

मी आधी आर्थिक गुन्हे शाखेत आणि पुढे सायबरला होतो. निवृत्तीनंतर जळगावला अशी कागदपत्रं बघून देतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडून सुरतमार्गे गेलेला हा एकटाच पोरगा नाही.

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. इंटरपोलकडे खाजगी माणसाला तक्रार करताच येत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, तुमच्या वकिलालाही नाही. सिनेमात इंटरपोलचे अधिकारी विमानतळावर आरोपी धरतात, खऱ्या इंटरपोलला कुणाला अटक करायचा अधिकारच नाही. फ्रान्समधल्या लिऑन शहरात मुख्यालय असलेलं ते १९६ देशांच्या पोलिसांचं निरोप पोचवणारं जाळं आहे. भारत १९४९ पासून त्यात आहे. प्रत्येक देशाचा दरवाजा एकच असतो आणि आपला दरवाजा म्हणजे दिल्लीत सीबीआय. तपासी अंमलदाराने मागणी लिहायची, ती एसपी ऑफिसमधून राज्याच्या संपर्क अधिकाऱ्याकडे आणि तिथून सीबीआयकडे जाते. पूर्वी हे सगळं टपालाने आणि ईमेलने रेंगाळायचं. ७ जानेवारी २०२५ ला 'भारतपोल' पोर्टल सुरू झाल्यापासून मागणी सरळ ऑनलाइन भरता येते. पण त्या फॉर्ममध्येही आधी विचारतात ते तेच: गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, पोलीस ठाणं. तो नंबर नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. म्हणजे ज्या ठाण्याने तुम्हाला "इंटरपोलला कळवा" म्हणून परत पाठवलं, इंटरपोलची वाट त्याच ठाण्यातून जाते.

मध्येच एक सांगून ठेवतो. "इंटरपोलमध्ये ओळख आहे, पन्नास हजारात रेड नोटीस काढून देतो" असं सांगणारी मंडळी तुमच्यापर्यंत येतील. अडचणीतल्या घरांची यादी यांना कुठून मिळते देव जाणे. त्यांना एक रुपया देऊ नका.

आता हद्दीचं. ठाण्यातल्याला वाटतं की पोराला कोंडलंय म्यानमारात, म्हणजे गुन्हा म्यानमारात. पण आमिष दाखवलं कुठे? ओट्यावर. पैसे दिले कुठे? गावात. पोराला घरून हलवलं कुठून? इथूनच. फसवणूक आणि मानवी वाहतूक या दोन्ही गुन्ह्यांची सुरुवात तुमच्या तालुक्यात झाली आहे, आणि गुन्ह्याचा काही भाग जिथे घडतो त्या ठाण्याला तपास करता येतो. पूर्ण गुन्हा परदेशात घडला असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०८ प्रमाणे केंद्र सरकारची परवानगी लागते, हे खरं. पण ती खटला चालवायला लागते, गुन्हा नोंदवून तपास करायला नाही, आणि गुन्ह्याचा काही भाग भारतात घडला असेल तर तीही लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेलं आहे. शिवाय दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवावाच लागतो, हा ललिता कुमारी प्रकरणातला २०१३ चा निकाल प्रत्येक अंमलदाराला पाठ असतो. दुसऱ्या ठाण्याची हद्द वाटली तरी झिरो नंबरने घेऊन वर्ग करायचा, हे आता त्याच संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिलंय.

तरी नाही म्हणाले, तर तिथे वाद घालत बसू नका. तीच फिर्याद लेखी करून एसपींकडे टपालाने पाठवा आणि पोच सांभाळा. तिथेही हललं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज. आधी एसपींकडे गेल्याचा कागद नसेल तर तो अर्ज तिथे अडतो, म्हणून पोच महत्त्वाची. संभाजीनगर खंडपीठात रिट टाकायचा सल्ला लगेच कुणीतरी देईल, पण या दोन पायऱ्या झाल्याशिवाय तिथे जाऊ नका.

आता फिर्याद कुणी द्यायची? तुम्ही मामा आहात, धावपळ तुम्ही करताय, म्हणून सही पण तुमचीच होईल असं दिसतंय. तसं करू नका. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. विनानोंदणी भरती केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण या कायद्याखाली खटला भरायला केंद्राची पूर्वमंजुरी लागते. ती लागत नाही केव्हा? जेव्हा तक्रार फसलेल्या माणसाची स्वतःची असते, किंवा त्याच्या वतीने आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाची. त्या यादीत मामा नाही. म्हणून फिर्यादी तुमच्या बहिणीला करा, तुम्ही साक्षीदार राहा. पैसे मोजताना तुम्ही ओट्यावर होतात, ती साक्ष तशीही तुमचीच लागणार आहे.

एजंट नोंदणीकृत होता का हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधून त्या पानाची प्रिंट फिर्यादीला लावा. नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. दीड लाख हा आकडाच बोलका आहे. इथे एक गंमत बघा. आपल्याकडे दहावी न झालेला माणूस आखाती देशात किंवा थायलंडला कामाला निघाला तर त्याच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट असते, सरकार विचारतं कुठे चाललास, करार दाखव. शिकलेल्या पोराला ही अट नाही. कायदा केला तेव्हा वाटलं होतं, फसतो तो अडाणी मजूर. म्यावाडीवाल्यांना मात्र हवी असतात इंग्रजी टाइप करणारी, कॉम्प्युटर येणारी पोरं. म्हणजे ज्यांच्यासाठी गाळणी लावलीच नाही, नेमकी तीच. आणि टुरिस्ट म्हणून निघाला तर काउंटरवर कुणी करार बघतच नाही.

फिर्यादीत काय लिहायचं, यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढची सगळी आंतरराष्ट्रीय मदत याच दोन-तीन पानांवर उभी राहते. ठाण्यात बसल्यावर अंमलदार सवयीने लिहील: "नोकरीचे आमिष दाखवून दीड लाख रुपयांची फसवणूक केली." न्यायसंहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४), विषय संपला. ते पुरेसं नाही. त्याच संहितेचं कलम १४३, मानवी वाहतूक, हे लागलं पाहिजे. फसवून किंवा आमिष दाखवून, शोषणासाठी माणूस भरती करणं, नेणं, ताब्यात घेणं हा तो गुन्हा. शिक्षा सात ते दहा वर्षं, आणि एकाहून जास्त माणसं असतील तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. "तो राजीखुशीने गेला होता" हा बचाव इथे चालत नाही, पीडिताची संमती गैरलागू आहे असं कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे.

पण कलमापेक्षाही हकिकत महत्त्वाची. दुबईच्या कोर्टाला आपल्या १४३ शी काही घेणंदेणं नाही. त्यांना बघायचं असतं की आरोपीने जे केलं ते त्यांच्या कायद्यातही गुन्हा ठरतं का. याला उभयदेशी गुन्हा असण्याची अट म्हणतात, बहुतेक सगळ्या करारांत ती असते, आणि साधारण एक वर्ष किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा लागतो. म्हणजे तुमच्या बहिणीने सांगितलेली आणि ठाण्यात लिहून घेतलेली हकिकतच पुढे इंग्रजीत आणि अरबीत जाते. त्यात "आरोपीने संगनमत करून" एवढंच असेल तर भाषांतर करणाऱ्याने काय करायचं? कोण कधी घरी आला, काय बोलला, पगार किती सांगितला, पैसे कोणत्या तारखेला कोणत्या खात्यावर गेले, व्यवहाराचा यूटीआर नंबर, तिकिटाचा पीएनआर, बँकॉकला गाडी कुणी पाठवली, पासपोर्ट कुणी काढून घेतला, किती तास काम, मारहाण केली का, डॉलर कुणी कोणत्या नंबरवरून मागितले. पोराने जसं सांगितलं तसं, तारखांसह. आणि एजंटचा फक्त फोन नंबर देऊ नका, त्याचा पासपोर्ट नंबर शोधा. तो मिळाला की अर्धं काम झालं, कारण सीमेवर नाव नाही, नंबर पकडला जातो. आपल्याकडे एका आडनावाची माणसं गावोगाव आहेत.

व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट काढून फोन विकून टाकायचा, हे करू नका. चॅट ज्या फोनमध्ये आहे तो फोन तसाच ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात उपकरणाचा तपशील येतो. हे प्रमाणपत्र धड नसेल तर आरोपीचा वकील पहिला हात तिथेच घालतो.

आता पोराकडे येतो. खरं तर हेच आधी यायला हवं होतं, पण त्यालाही गुन्हा नंबरची मदत होते म्हणून थांबलो. त्याला आणणं आणि एजंटला आणणं ही दोन वेगळी कामं आहेत, वेगळ्या टेबलांवर चालतात. एकासाठी दुसरं थांबवू नका.

परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर आजच नोंद करा. यांगूनच्या आणि बँकॉकच्या भारतीय दूतावासाला, दोघांनाही, एकच ईमेल पाठवा: नाव, पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो, शेवटचं ठिकाण, एफआयआरची प्रत. ठिकाण शक्य तेवढं अचूक हवं. त्याने कधी लोकेशन पाठवलं असेल तर तेच. पासपोर्ट कंपाउंडवाल्यांकडे असणार, म्हणजे परत येताना दूतावास त्याला आपत्कालीन प्रवासपत्र देईल. ते देण्याआधी तो भारतीय आहे याची पडताळणी इथे होते. तेव्हा पासपोर्टची प्रत, आधार, शाळा सोडल्याचा दाखला एका फाइलमध्ये तयार ठेवा. विचारणा आली आणि घरातली माणसं शेतात, असं झालं की त्यात दिवस जातात.

आता म्यावाडीची स्थिती समजून घ्या, म्हणजे दूतावासावर विनाकारण राग निघणार नाही. भारत आणि म्यानमार यांच्यात फौजदारी कामात परस्पर मदतीचा करार २०१० मध्येच झालेला आहे. कागद आहे. पण थायलंडच्या मे सोत शहरासमोर, मोई नदीपलीकडचा तो पट्टा प्रत्यक्षात म्यानमार सरकारच्या हातात नाही. तिथे कारेन सशस्त्र गटांचं चालतं, आणि केके पार्कसारखी कंपाउंडं त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. सरकार सरकारला पत्र लिहितं, आणि पत्र ज्या सरकारला जातं त्याचा पोलीस त्या गेटपर्यंत पोचत नाही. आपल्या चोपड्याच्या पोलिसालासुद्धा गावठी कट्ट्याच्या तपासात उमर्टीकडे मध्य प्रदेशच्या हद्दीत शिरायचं तर तिथल्या ठाण्याला कळवून, त्यांची माणसं सोबत घेऊन जावं लागतं. तिथे निदान पलीकडे ठाणं तरी असतं.

मग माणसं सुटली कशी? २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशा कामाला जुंपलेली असावीत असा अंदाज दिला, त्याने फार काही हललं नाही. जानेवारी २०२५ मध्ये एक चिनी अभिनेता थायलंडमधून असाच पळवला गेला, चीनमध्ये ओरड झाली, पर्यटक घटतील म्हणून थायलंड घाबरलं, आणि ५ फेब्रुवारीला थाई सरकारने त्या पट्ट्याची वीज, इंधन आणि इंटरनेट तोडलं. त्यानंतरच्या आठवड्यांत हजारो लोक बाहेर काढले गेले. मार्चमध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून ५४९ भारतीय आणले. ऑक्टोबरमध्ये म्यानमार लष्कराने केके पार्कवर धाड टाकली, पुन्हा लोंढा नदी ओलांडून आला, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा विमानं गेली. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते प्रत्यक्षात असं चालतं: करार वर्षानुवर्षं कपाटात असतो, आणि कुणाचा तरी स्वार्थ दुखावला की दोन आठवड्यांत काम होतं. तुमच्या हातात एवढंच आहे की असा दरवाजा उघडेल त्या दिवशी तुमच्या भाच्याचं नाव दूतावासाच्या यादीत आधीपासून असलं पाहिजे.

पाच हजार डॉलर द्यायचे का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मनात असणार. माझं मत: देऊ नका. पैसे भरूनही पोरगा दुसऱ्या कंपाउंडला विकला गेल्याच्या हकिकती परत आलेली पोरं सांगतात. आणि एकदा पैसे आले की घर पैसे देणारं आहे हे त्यांना कळतं. पण मी बाप नाही, मामा नाही. कुणी दिले तर मी त्याला दोष देणार नाही. दिलेच, तर कोणत्या क्रिप्टो वॉलेटवर गेले तो पत्ता, अक्षर न अक्षर, लिहून ठेवा आणि पोलिसांना द्या.

त्याचा चेहरा दिसेल असे व्हिडिओ फेसबुकला टाकू नका. "तक्रार केलीय" असं त्याच्याशी चॅटवर बोलू नका, फोन तपासले जातात. आणि तो कसाही करून थायलंडच्या बाजूला आलाच, तर लपून बँकॉक गाठायच्या भानगडीत पडू नये. थाई पोलिसांसमोर जाऊन आपण मानवी वाहतुकीचे बळी आहोत असं पहिल्याच जबाबात सांगावं आणि दूतावासाशी बोलू द्या म्हणावं. तिथे बळी कोण आणि बेकायदा घुसलेला कोण याची छाननी होते. पीडित ठरला तर वागणूक वेगळी, नाही ठरला तर बेकायदा प्रवेशाचा दंड आणि कोठडी.

एजंटचं. गुन्हा दाखल झाल्यावर तपासी अंमलदाराला तीन गोष्टींचा आग्रह धरा, त्याच क्रमाने. लुकआउट सर्क्युलर: एसपी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याच्या मागणीवरून इमिग्रेशन ब्युरो काढतं, म्हणजे तो दिवाळीला सुरतेला आला की विमानतळावरच अडकेल. ही मंडळी येतात, भाऊ. दुबईत बसलेला माणूस कायमचा पळालेला नसतो, त्याचं घर, भिशी, लग्नकार्यं सगळं इकडेच असतं. दुसरं, ब्लू नोटीस: माणूस कुठे आहे, काय नावाने राहतो ही माहिती मागवायला, तिला वॉरंट लागत नाही. तिसरी रेड नोटीस, म्हणजे हा माणूस शोधून प्रत्यार्पणासाठी धरून ठेवा अशी इतर देशांना विनंती. तिला कोर्टाचं अजामीनपात्र वॉरंट हवंच. आणि रेड नोटीस म्हणजे जगभर चालणारं अटक वॉरंट नव्हे. ती पाहून अटक करायची की नाही हे प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो. भाच्यासाठी वेगळी, बेपत्ता माणसाची यलो नोटीस असते, तीही याच वाटेने मागता येते.

दुबईच्या बाबतीत आपली स्थिती बरी आहे. संयुक्त अरब अमिरातीशी १९९९ चा प्रत्यार्पण करार आहे आणि तिथून आरोपी आलेले आहेत. फक्त प्रत्यार्पणाची फाइल म्हणजे दोषारोपपत्र, वॉरंट, ओळखीचा पुरावा, कायद्याचे उतारे, सगळ्याचं प्रमाणित अरबी भाषांतर, आणि मग परराष्ट्र मंत्रालयामार्फत प्रवास. शिवाय ज्या गुन्ह्यासाठी मागितला त्याच गुन्ह्यासाठी खटला चालवता येतो, आणल्यावर जुनी खुन्नस काढायला आणखी कलमं चिकटवता येत नाहीत. आणि दुसऱ्या देशाला दिलेला शब्द पाळावा लागतो. अबू सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालहून आणताना फाशी देणार नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त ठेवणार नाही असं सरकारने लिहून दिलं होतं. जन्मठेप झाल्यावर तो त्या कागदावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की सरकारला तो शब्द पाळावा लागेल. लोकांना हे आवडलं नाही. मला विचाराल तर न्यायालयाने बरोबर केलं. शब्द मोडला असता तर पुढच्या वेळी कोणत्या देशाने आपल्याला माणूस दिला असता?

तुमच्या एजंटसारख्या माणसासाठी प्रत्यार्पणापेक्षा जवळची वाट असते. वॉरंट निघालं की पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३) खाली त्याचा पासपोर्ट जप्त करण्याची शिफारस करता येते. पासपोर्ट गेला की तिथला त्याचा मुक्काम डळमळतो आणि तो देश त्याला हद्दपार करू शकतो. छोटा राजन २०१५ मध्ये इंडोनेशियातून आला तोही हद्दपार होऊन. खात्यात असताना मीही आयओंना, म्हणजे तपासी अंमलदारांना, हेच सांगायचो: आधी पासपोर्टची फाइल करा, प्रत्यार्पणाची नंतर.

पैशाचं लवकर आटोपतो, कारण इथे सांगण्यासारखं थोडं आहे. फसवणूक नुकतीच झाली असेल तर १९३० ला फोन, त्यातला पहिला तास सगळ्यात मोलाचा, पैसे खात्यातून खात्यात उड्या मारायच्या आत गोठवता येतात. तुमच्या प्रकरणात तो काळ गेला. पण यूपीआयचे पैसे भारतातल्याच खात्यात गेलेत. ते खातं, त्याची केवायसी आणि पुढे पैसे कुठे गेले हे पोलीस बँकेकडून काढू शकतात, शिल्लक असेल ती गोठवता येते, आणि कोर्टाच्या आदेशाने परत मिळू शकते. रोख रकमेचा पुरावा म्हणजे तुमची साक्ष, आणि त्या दिवशी तुम्ही कुठून काढली असेल तर त्याची पासबुकातली नोंद.

पैसा देशाबाहेर गेला असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ प्रमाणे आपल्या कोर्टाकडून परदेशी यंत्रणेला विनंतीपत्र काढावं लागतं. खात्यात त्याला एलआर म्हणतात, आणि ते नाव निघालं की चांगला चांगला आयओ रजेचा अर्ज शोधतो. आधी केंद्रीय गृह मंत्रालयाची सहमती, मग कोर्टात अर्ज, मग कोर्टाचं पत्र, भाषांतर, पानापानावर शिक्का, आणि परस्परतेचं आश्वासन, म्हणजे तुम्ही आम्हाला मदत केलीत तर आम्हीही करू. गठ्ठा जातो आणि काही महिन्यांनी पलीकडून एक ओळ येते: हे खातं गुन्ह्याशी कसं जोडलेलं आहे ते स्पष्ट करा. कारण आपण लिहिलेलं असतं "संबंधित सर्व खात्यांची माहिती मिळावी". अशा मोघम मागणीला जगात कुणी उत्तर देत नाही. एक खातं, एक व्यवहार, एक तारीख, त्याचा गुन्ह्याशी धागा, एवढं लिहिलं तर उत्तर येतं.

मोठ्या करारांचंही कुणीतरी विचारेल. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा पालेर्मो करार २००० चा, भारताने २०११ मध्ये मान्य केला. दोन देशांत स्वतंत्र करार नसेल तर परस्पर मदतीसाठी त्याचा आधार घेता येतो, हा त्याचा खरा उपयोग. सायबर गुन्ह्यांवरचा युरोपातला बुडापेस्ट करार २००१ चा, त्यात भारत नाही. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०२४ मध्ये सायबर गुन्ह्यांवर स्वतःचा करार स्वीकारला, ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईला तो सह्यांसाठी खुला झाला. ४० देशांनी अनुसमर्थन दिल्यावर तो लागू होणार. तुमच्या भाच्याला त्याचा काही उपयोग होईल असं मी सांगणार नाही.

राहिलं एक. पोरगा परत येईल तेव्हा त्याची चौकशी होईल, दिल्लीला उतरल्या उतरल्या किंवा इथे. त्याने तिथे लोकांना फसवायचं काम केलंय, दबावाखाली का होईना. घाबरून फोन फॉरमॅट करायचा, चॅट पुसायचे, हे तो विमानातच करेल. त्याला आधीच सांगून ठेवा की करू नको. त्याच फोनमध्ये त्याच्यावर जबरदस्ती झाल्याचा पुरावा आहे: टार्गेटचे मेसेज, दंडाची यादी, पगार कापल्याचे स्क्रीनशॉट. आईच्या फिर्यादीची तारीख तो आत असतानाची आहे, हीही त्याच्याच बाजूची गोष्ट. आल्यावर त्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवून घ्या, आणि त्याच्याबरोबर त्याच एजंटने नेलेली आणखी कोण पोरं होती त्यांची नावं आताच लिहायला लागा. शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार, जिथली असतील तिथली. दुसरं नाव निघालं की कलम १४३ ची शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते.

सोमवारी बहिणीला घेऊन जा. फिर्याद टाइप करून दोन प्रती न्या, एकीवर ठाण्याची आवक नोंद घ्या. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर तिथूनच पोस्टात जाऊन एसपींना रजिस्टर करा.